एक जूनचे रथ

जळकोटात हायवेला लागून माझं फ्लेक्स आणि झेरॉक्सचं दुकान आहे. गावातल्या माणसांना एकमेकांची जेवढी माहिती नसते तेवढी माझ्या मशीनला असते. आधार कार्ड, सातबारा, जातीचा दाखला, लग्नाचा बायोडाटा, तेराव्याचा फ्लेक्स, सगळं माझ्याच काचेखालून जातं. ज्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मी 'भावी आमदार' छापतो, त्याचंच दहावीचं नापास गुणपत्रक कधीकाळी माझ्याकडं झेरॉक्सला आलेलं असतं. त्यामुळं माणसांविषयी मला फारसा आदर उरलेला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तर मागच्या श्रावणात मैथिलीताई पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आल्या. तुळजापूरच्या तहसील कचेरीतून रिटायर झालेल्या वसंतराव कारकुनांची ही मुलगी. दहा वर्षं पुण्यात राहून परत आलेली, कपाळावर चंद्रकोर, बोटात चार रंगांचे चार खडे. पेनड्राइव्हमध्ये अठ्ठ्याहत्तर चित्रं होती. राजे, राण्या, तलवारी, पेले, एक उलटा टांगलेला माणूस, घोड्यावर बसलेला एक सांगाडा. ही चित्रं जाड कागदावर छापून, लॅमिनेशन करून, पत्त्यांसारखी कापून पाहिजे होती. पंचवीस संच. सोबत एक फ्लेक्स: 'तुमच्यातली सुप्त शक्ती जागी करा. अंतर्ज्ञान विकास आणि टॅरो वर्ग. फक्त महिलांसाठी.'

मी छापलं. माझं काम छापायचं आहे. पण छापता छापता विचारलं, की ताई, याला लागतं काय? त्या म्हणाल्या, काहीच लागत नाही, शक्ती प्रत्येकातच असते, फक्त ऐकायला शिकायचं. मी मनात म्हटलं, काहीच लागत नाही तर मग पंचवीस संच कशाला.

वर्ग भरायचा कृषी सेवा केंद्राच्या माडीवर. खाली युरियाची पोती आणि फवारणीच्या औषधाचा वास, वर बावीस बाया डोळे मिटून बसलेल्या. त्यातली एक माझी बहीण सोनाली.

सोनाली माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. अंगणवाडी सेविका आहे. नवरा सहा वर्षांपूर्वी हायवेवर गेला, टँकरखाली. तेव्हापासून ती आमच्याकडंच असते. लेकरू नाही. सकाळी अंगणवाडी, दुपारी वजनकाट्याच्या नोंदी, संध्याकाळी अव्वासोबत भाकरी. अव्वा म्हणजे आमची आई, सारजाबाई. सोनाली त्या वर्गाला जाते हे कळलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, तीस लेकरांची नाकं पुसणारी बाई आता भविष्य बघणार. ती चप्पल घालून वर्गाला निघून गेली. ती तशी कमीच बोलते.

वर्गात काय चालतं ते सोनाली भाकरी थापताना अव्वाला सांगायची, ते मला रोज ऐकायला मिळायचं. रोज सकाळी आंघोळ झाली की एक पत्ता काढायचा आणि दिवसभर काय घडलं ते वहीत लिहायचं. पत्ता पालथा ठेवून त्यावर तळहात धरायचा, ऊब लागते का गारवा, ते बघायचं. फोन वाजला की न बघता कुणाचा ते ओळखायचं. रात्री झोपताना उशीखाली पत्ता ठेवायचा आणि मनात प्रश्न धरायचा. महिन्याभरात बायांची शक्ती भलतीच वाढली. पालथा पत्ता दहापैकी सात वेळा ओळखायला लागल्या. वाढणारच की. हळदीच्या बोटांनी महिनाभर हाताळलेला संच. राणीच्या पत्त्यावर पाठीमागून तेलाचा डाग, रथाचा कोपरा दुमडलेला, सूर्याचं लॅमिनेशन सुटलेलं. माझं लॅमिनेशन मला ठाऊक आहे. त्याला लोक अंतर्ज्ञान म्हणायला लागले.

पण खरा तमाशा झाला जन्मपत्त्याच्या दिवशी.

जन्मतारखेतले दिवस-महिन्याचे आकडे मिळवायचे, जो अंक येईल त्या नंबरचा पत्ता तुमचा जन्मपत्ता. तो तुमचा स्वभाव, तुमचं नशीब. मैथिलीताईंनी सगळ्यांना आधार कार्ड आणायला सांगितलं. एकेक बाई उठायची, तारीख वाचायची. एक जून. शून्य, एक, शून्य, सहा. सात. सात म्हणजे रथ. पुढची बाई. एक जून. रथ. तिसरी. रथ. बावीसपैकी पंधरा बाया रथ निघाल्या.

मैथिलीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. त्यांनी दोन्ही हात छातीवर धरले आणि म्हणाल्या, एका गावात पंधरा रथ मी आयुष्यात पाहिले नाहीत, हा योगायोग नाही, तुम्हाला इथं बोलावून आणलं गेलंय.

सोनालीनं जेवताना हे सांगितलं आणि मी ताटावरून उठून हसलो. वरण सांडलं.

आमच्या भागात ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. इथं माणूस जन्मतो शेतात, सणाला, दुष्काळात, कुणाच्या तरी लग्नाच्या धांदलीत. तारीख कुणी लिहीत नाही. मग सहा वर्षांनी बाप लेकराचा हात धरून शाळेत नेतो. गुरुजी विचारतात, जन्म कधीचा? बाप म्हणतो, लिवा की तुमच्या मनानं. शाळा जूनमध्ये उघडते, सहा वर्षं पूर्ण झालेली पाहिजेत, म्हणून गुरुजी एक जून ठोकून देतात. आमच्या वेळेला गुंडप्पा गुरुजी होते. त्यांनी अख्ख्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलं. माझी तारीख एक जून. सोनालीची एक जून. गावातल्या निम्म्या लोकांचे वाढदिवसाचे फ्लेक्स मी एकाच आठवड्यात छापतो. मैथिलीताई कारकुनाच्या घरातल्या, त्यांच्याकडं पत्रिका, जन्मवेळ, घटका-पळं सगळं लिहिलेलं. त्यांना हे कसं कळणार? आणि पंधरा बायांपैकी एकीनंही सांगितलं नाही. पंधराच्या पंधरा रथात बसून घरी आल्या.

इथवर गंमत होती. पुढं आले माणिकप्पा मामा.

माणिकप्पा मामा अव्वाचे थोरले भाऊ. डोक्यावर टोपी, गळ्यात लिंग, तोंडात सतत कुणाचं तरी लग्न. मामांनी सोनालीसाठी स्थळ आणलं. श्रीशैल नावाचा विधुर, अक्कलकोटकडच्या एका खेड्यातला, बागायत बरी, दोन लेकरं, आणि वडील पक्षाघातानं खाटेवर. मामांचं म्हणणं, बाईमाणसानं एकटं राहायचं वय नाही, आणि सगळं हाती लागतंय. सोनालीनं हळूहळू एकेक कारण सांगून बघितलं. नोकरी आहे, म्हणाली. मामा म्हणाले, नोकरीचं काय, त्यांच्या गावातही अंगणवाडी असेल. अव्वाला कोण बघेल, म्हणाली. मामा म्हणाले, शांतलिंग हाय की. म्हणजे मी. मला बरं वाटत नाही, म्हणाली. मामा म्हणाले, लग्न झाल्यावर बरं वाटंल. दोन महिने हे चाललं. मीही मामांच्याच बाजूनं होतो. सोनालीला एकदा घर मिळावं असं मला वाटायचं. तिला विचारावं असं मात्र कधी वाटलं नाही, ते आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

श्रीशैलचा बायोडाटा मामांनी माझ्याच मोबाईलवर पाठवला, मीच रंगीत प्रिंट काढली. जन्मतारीख: एक जून. त्यांच्या गावातही कुणी गुंडप्पा गुरुजी असणार.

सोनाली तो कागद घेऊन वर्गाला गेली. मैथिलीताईंनी दोन्ही तारखा मांडल्या, दोन रथ समोरासमोर ठेवले, डोळे मिटून बराच वेळ तळहात धरला. मग म्हणाल्या, दोन रथ एका वाटेवर समोरासमोर आले की एक मोडतो. आणि मोडतो तो बाईचा.

सोनाली घरी आली. मामा ओसरीवर बसले होते. तिनं पत्ता त्यांच्यासमोर ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. दोन महिने ज्या माणसाला कुठलंच कारण पटत नव्हतं, त्या माणसानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, असं असंल तर थांबावं लागंल. पाहुण्यांना सांगतो.

माझ्या डोक्यात आग गेली. ही शुद्ध फसवणूक आहे, माझ्या बहिणीचा संसार माझ्याच तीनशे जीएसएमच्या जाड कागदावर मोडतोय, असं मला वाटलं. दोन वर्षांपूर्वी शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर फाटायला लागलं म्हणून माझ्याकडं झेरॉक्सला आलं होतं. त्याची फाइल अजून कॉम्प्युटरवर होती. सोनालीच्या वर्षाचं पान मोठं करून छापलं. एकतीस नावं. गुंडप्पा गुरुजींचं वळणदार अक्षर. एकतीस वेळा एक जून.

बुधवारी वर्ग चालू असताना मी माडीवर गेलो. पुरुषाला बंदी होती, पण मी विचारलंच नाही. पान फळ्यावर चिकटवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना मजा आली, खोटं कशाला बोलू. मैथिलीताई पांढऱ्या पडल्या. सोनाली मागच्या रांगेत होती, तिनं मान खाली घातली. मला वाटलं, फसली म्हणून लाजली.

मैथिलीताईंनी सावरून सांगितलं, की कागदावरच्या तारखेलाही स्वतःचं एक कंपन असतं. मी म्हटलं, असतं ना, गुंडप्पा गुरुजींच्या टाकाचं.

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत विठाबाई बसली होती, साठीची, भाजी विकणारी. तीही रथ. ती पान बघत राहिली, मग माझ्याकडं वळली.

"बाबा, आमाला काय ठावं न्हवतं व्हय?" ती म्हणाली. "माझ्या मायला तर सालबी ठावं न्हवतं. पर त्या तारखेकडं बघून आजवर कुनी कायबी म्हनलं न्हवतं. ही बाई रथ म्हनली. तुझं काय गेलं?"

मी खाली उतरलो. गाढवांची सभा, असं मनात म्हणालो. पण जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं तेवढं वाटलं नाही.

गावात बातमी पोचायला किती वेळ लागतो? संध्याकाळी मामांचा फोन. आवाजात पुन्हा लग्न. म्हणाले, लई चांगलं काम केलंस शांतलिंगा, तारीखच खोटी म्हटल्यावर दोषच उरला नाही, येत्या सोमवारी पाहुणे येतील, सुपारी फोडून टाकू. मी बरं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाली अंगणवाडीला जायच्या आधी दुकानात आली. काउंटरवर पिशवी ठेवली. 

"अण्णा," ती म्हणाली, "मला माझी तारीख माहीत न्हाय असं वाटलं का तुला? अव्वा दर येळवसला सांगती. आंबील ढवळताना कळा सुरू झाल्या, कडब्याच्या कोपीत झाले म्हणून."

मला ते खरंच माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. येळवस म्हणजे आमच्याकडची शेतातली अमावस्या, कडब्याची कोप म्हणजे खोपटं करून पांडव पुजायचे, भज्जी-आंबील शेतातच खायची. अव्वा त्या दिवशी घरून डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन गेली होती आणि येताना लेक घेऊन आली.

"मग तू गप्प का बसलीस?" मी विचारलं.

"मामाला माझं 'न्हाय' ऐकू येत न्हाय. पत्त्याचं येतं." तिनं पिशवी उचलली. "तुला तरी कुठं आलं."

ती गेली. मी शटर अर्धं ओढून बसलो. सगळ्या गावाची कागदपत्रं माझ्याकडं, आणि घरात बसलेल्या बाईच्या मनातलं दोन महिन्यांत मला वाचता आलं नाही. त्या बाया डोळे मिटून शिकत होत्या, मी उघडे ठेवून आंधळा. माझ्या स्वतःविषयी मला त्या दिवशी जेवढी घृणा वाटली तेवढी भावी आमदारांविषयीही कधी वाटली नव्हती.

मग मी ते केलं जे करायची माझी लायकी होती. मोबाईलवर जुनी पंचांगं शोधली, सोनालीच्या सालची येळवस काढली. अठ्ठावीस डिसेंबर. ती तारीख घेऊन शुक्रवारी तुळजापूरला मैथिलीताईंच्या घरी गेलो. वसंतराव दारात पेपर वाचत होते. त्यांनी मला आत बसवलं, पोरीला हाक मारली आणि हळूच म्हणाले, मी चाळीस वर्षं दाखले दिले, एक जूनचं मी तिला पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, पण ती खूष होती हो. मी मनात म्हटलं, कारकुनाची जात. सगळं माहीत असतं आणि सही सोडून काही करत नाही.

मैथिलीताई आल्या. रागावलेल्या होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. मी माफी मागितली नाही, पण आवाज खाली ठेवला. खरी तारीख सांगितली. त्यांनी कागदावर मांडलं. दोन, आठ, एक, दोन. तेरा. तेरावा पत्ता त्यांनी संचातून काढून माझ्यासमोर ठेवला. घोड्यावरचा सांगाडा. मृत्यू.

मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. म्हटलं, ताई, झालं, हेच पाहिजे होतं. हेच मामांना सांगा.

त्या म्हणाल्या, दादा, तुम्हाला कळत नाही. मृत्यूचा पत्ता वाईट नसतो. जुनं आयुष्य संपलं, नवं सुरू झालं, असा त्याचा अर्थ. विधवा बाईला हा पत्ता निघणं म्हणजे फार मोठा शुभसंकेत. लग्न करायला हरकत नाही, उलट लवकर करावं.

मी त्यांना समजावलं. सोनालीची इच्छा सांगितली, पहिल्यांदा कुणाला तरी. त्यांना वाईट वाटलं, ते खोटं नव्हतं. मग मी म्हटलं, एवढ्यापुरता अर्थ उलटा सांगा. त्यांनी पत्ता उचलून संचात ठेवला.

"पत्त्यांशी खोटं बोलता येत नाही," त्या म्हणाल्या.

खोट्या तारखेवर पंधरा रथ काढलेल्या बाईनं मला हे सांगितलं. आणि तिच्या तोंडावरचा गंभीरपणा असा होता की मला हसताही येईना. ती लबाड असती तर काम झालं असतं. ती प्रामाणिक होती. प्रामाणिक मूर्खापुढं काही चालत नाही. पहिल्यांदा तिनं रथ मोडला तोही सोनालीकडं बघून नाही, आकड्याकडं बघून. दोन महिने सोनाली समोर बसलेली, गळ्याशी आलेला नकार घेऊन, आणि अंतर्ज्ञानवालीला तो दिसला नाही.

शनिवारी मामा दुकानात आले. सुपारीचं निमंत्रण छापायचं होतं, छोटंसंच, पाहुण्यांच्या व्हॉट्सअॅपवर टाकायला. मजकूर वहीत लिहून आणला होता.

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. फाइल उघडली. अठ्ठ्याहत्तरपैकी तेरावं चित्र काढलं, संचातल्या पत्त्यापेक्षा चौपट मोठं केलं, जाड कागदावर छापलं, लॅमिनेशन केलं. गरम गरम काउंटरवर ठेवलं. सांगाड्याचं तोंड बरोबर मामांकडं.

"हे काय?" मामा म्हणाले.

"सोनालीचा पत्ता. खऱ्या तारखेचा. येळवसचा. तुळजापूरला मैथिलीताईकडून काढून आणला."

एक शब्द खोटा नव्हता. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. चित्राच्या जवळ वाकले, मग मागं सरले.

"बाई काय म्हनली?"

"तुमीच बघा की मामा. चित्र हाय समोर."

त्यांनी बघितलं. घोडा, काळं निशाण, खाली पडलेला राजा. अमावस्येची पोर. नवरा आधीच गेलेला. मामांच्या डोक्यात हे सगळं आपोआप जुळताना मला दिसत होतं, आणि मी काहीच जुळवत नव्हतो. मी फक्त लॅमिनेशनचा कडेचा भाग कात्रीनं कापत होतो.

"श्रीशैलला दोन लेकरं हायती," मामा शेवटी म्हणाले. "त्यांच्या घरात असलं काय घालायचं न्हाय." टोपी नीट केली. वहीतलं पान फाडून चुरगाळलं. आणि जाताना हळू आवाजात, "पोरीला सांगू नको हं. मनाला लावून घेईल."

बहात्तर वर्षांचा माणूस. सोनालीची नोकरी ऐकली नाही, तिची आई ऐकली नाही, तिचा थकवा ऐकला नाही, आणि माझ्या मशीनमधून निघालेल्या हाडकांपुढं हात जोडून गेला. मी हायवेवरच्या गाड्या बघत बसलो. हसावं की थुंकावं, ठरत नव्हतं.

संध्याकाळी पत्ता सोनालीला दिला आणि झालं ते सगळं सांगितलं, मामांनी सांगू नको म्हटलं होतं तेही. तिनं पत्ता उलटसुलट बघितला. नखानं लॅमिनेशनची कड दाबून बघितली.

"घोडा बरा काढलाय," ती म्हणाली.

मग स्वयंपाकघरातून खिळा आणला आणि पत्ता ओसरीच्या भिंतीवर ठोकला. मामा आले की जिथं पाट टाकून बसतात, त्याच्या बरोबर समोर.